आमच्या गावचा उरूस कसा बंद पडला (कोकण, आखात आणि कडवा धर्म)

खाडीकाठ (धागाकर्ता)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. मागे इथेच कोणीतरी म्हणालं होतं की माणसं शिकली, परदेशात जाऊन आली, जग जवळ आलं की धर्माचं वेड आपोआप उतरतं, कट्टरपणा फक्त मागासलेल्या लोकांत उरतो. मी माझ्या गावात बरोबर उलटं होताना बघितलंय, म्हणून हा धागा.

गाव दापोली तालुक्यातलं, खाडीच्या काठी. आम्ही कोकणी मुसलमान. मोहल्ल्याच्या टोकाला, खाडीकडे उतरायच्या वाटेवर पीरबाबाचा दर्गा. जांभ्याची भिंत, वर कौलं, बाजूला चाफा, बस. मी लहान असताना म्हणजे १९७५-८० च्या आसपास तिथला उरूस अख्ख्या पंचक्रोशीचा असायचा. संदल (दर्ग्यावर चढवायच्या चंदनाची मिरवणूक) निघाला की पुढे खालूबाजा (कोकणी वाजंत्री) आणि तो वाजवणारे सगळे हिंदू वाडीतले. पहिला नारळ पलीकडच्या गुरवांच्या घरून यायचा, तो आल्याशिवाय संदल हलायचा नाही. दादी डोक्यावर पदर घेऊन परातीत मलिदा घेऊन जायची आणि येताना अर्धा मलिदा वाटेतल्या घरांत वाटून यायची, कोणाचं घर कुठल्या जातीचं हे तेव्हा मला कळायचंही नाही.

आता जगाबद्दल. आमच्या लोकांना जग नवीन नव्हतं हो. माझे आजोबा आगबोटीवर खलाशी. लंडन बघितलेलं, मोंबासा बघितलेलं, केपटाऊनला तर आमच्या कोकणी लोकांची अख्खी वस्ती होती, तिथे ते जेवायला जायचे. एवढं फिरून माणूस घरी आला की पहिल्यांदा दर्ग्यावर जाऊन सांगायचा की बाबा, आलो. म्हणजे परदेश बघितल्याने त्यांचा धर्म ना वाढला ना कमी झाला.

अब्बांचं वेगळं झालं. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल अडवलं, काही महिन्यांत भाव चौपट झाला, त्या पैशातून तिकडे रस्ते बंदरं बिल्डिंगा सुरू झाल्या आणि त्यांना हात पाहिजे होते. आमच्याकडून घरटी एक माणूस गेला. अब्बा १९७६ ला कुवेतला वेल्डर म्हणून गेले, दोन वर्षांनी एकदा सुट्टी. १९८४ च्या सुट्टीत आले तेव्हा पॅनासॉनिकचा टेप आणला, सगळ्यांना सेंट आणलं, आणि सोबत तकरीरींच्या, म्हणजे धार्मिक भाषणांच्या कॅसेटी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पडवीतल्या भिंतीवरची बुराकची (पैगंबरांना स्वर्गात नेणाऱ्या वाहनाची) तसबीर खाली उतरवली. चित्र असलेल्या घरात नमाज होत नाही म्हणाले. दादी काही बोलली नाही, तिने ती तसबीर जुन्या साडीत गुंडाळून भाताच्या कणगीमागे ठेवली. खिळा तसाच राहिला, कारण भिंत मातीची, काढला तर पोपडा पडला असता. पुढे घर पाडेपर्यंत तो खिळा मी रोज बघायचो.

१९९० ला सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा अब्बा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने परत आले, एका बॅगेवर. गावातले आठ-दहा जण असे एकदम परत आले आणि सगळेच रिकामे. तोवर गावात मुंबई कमिटीसारखी कुवेत कमिटी झाली होती, मशिदीचा स्लॅब त्यांच्याच पैशाने पडला होता, आणि पैसा ज्याचा त्याचा जमातीत शब्द. दोन-तीन वर्षं कुरबुर चालली आणि मग एका जुम्म्यानंतर ठरलं की उरूस हा शिर्क (अल्लाहशिवाय दुसऱ्याला पूजणं) आहे, पुढच्या वर्षीपासून नाही. कोणाला मारहाण नाही, आरडाओरडा नाही. आजोबा बसलेले होते, ते एवढंच म्हणाले की मी सात समुद्र फिरलो, बाबाला सांगून निघायचो आणि बाबाला सांगायला परत यायचो, आता कोणाला सांगू. कोणी उत्तर दिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा कडवेपणा जुना नाही, तो आजोबांकडून आलेला नाही. तो पासपोर्टवर शिक्का मारून आलाय. धर्म गावाला बांधलेला होता तोवर त्याला गुरव लागायचा, खालूबाजा लागायचा, शेजारी लागायचे. गावापासून सुटला आणि मग कुठेही नेता येईल असा कोरडा झाला. तुमच्याकडे काय झालं ते लिहा.

गिरणीचा_भोंगा

खाडीकाठ भाऊ, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आमचं गाव तुमच्यापासून फार लांब नसावं, आम्ही वाडीतले, खालूबाजावालेच म्हणा ना. माझे बाबा लालबागला गिरणीत. आमचं घर मनीऑर्डरवर चाललं, तुमचं ड्राफ्टवर.

तुम्ही जे दर्ग्याचं लिहिलंत तेच आमच्या देवळाचं झालंय. आमची ग्रामदेवता म्हणजे पाषाण, शेंदूर लावलेला, वर कौलारू देऊळ, लाकडी खांब. वर्षातून एकदा राखण द्यायचो, कोंबडा, आणि त्याचं मटण तिथेच शिजवून सगळ्या बारा वाड्यांना. मुंबई मंडळाने पंधरा वर्षांपूर्वी जीर्णोद्धार काढला. कौलं गेली, खांब गेले, आरसीसीचं देऊळ आलं, कळस आला, आत पांढऱ्या संगमरवराची मूर्ती जिचा चेहरा टीव्हीतल्या देवीसारखा. आणि मग ठरलं की कोंबडा बंद, देवी शाकाहारी. माझी आजी म्हणाली, अरे ही कोण, आमची ती कुठे गेली? मंडळात सगळे चांगले लोक आहेत, स्वतःच्या खिशातून पैसे घातलेत, पण मुंबईत राहून त्यांना गावचा देव सगळ्यांना दाखवण्यासारखा पाहिजे होता.

यामागे काय होतं ते पण सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, तो संप कधी मिटलाच नाही. बाबा दोन वर्षं वाट बघून गावी आले, मग परत मुंबईला वॉचमन. गिरणीत होते तेव्हा त्यांची युनियन, भजनी मंडळ, खानावळ, व्यायामशाळा, सगळं एकाच गल्लीत. गिरणी गेली तसं एकेक तुटत गेलं. मग १९८७ ला रविवारी सकाळी रामायण लागायचं, चाळीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे चपला काढून सगळे बसायचे. माणसाचं काम गेलं, ओळख गेली की त्याला कोणीतरी नवीन ओळख देतं, आणि देणारे तयारच होते. १९९१ ला बाजार उघडला, १९९२ च्या डिसेंबरला बाबरी पडली, लगेच मुंबई पेटली. त्या दंगलीत ९०० माणसं गेली, श्रीकृष्ण आयोगाने ते लिहून ठेवलंय. माझ्या बाबांचा साच्यावरचा जोडीदार मदनपुऱ्याचा मुसलमान होता, त्यानंतर ते दोघं कधी भेटले नाहीत. दोघंही जिवंत होते पण भेटले नाहीत.

कृष्णाकाठ

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगावचे मोहरमचे ताबूत अजून उंचच्या उंच उभे राहतात आणि त्यात हिंदू मानकरी आहेत. म्हणजे सगळीकडे बंद पडलंच असं नाही, एवढंच नोंदवतो. पण आमच्या शेजारच्या गावात पंजे बसवायचे ते थांबले, दोन्हीकडून. मुसलमान पोरं म्हणाली हे इस्लाममध्ये नाही, आणि हिंदू पोरं म्हणाली आपण कशाला बसवायचे. दोघांनाही कोणी भांडायला लागलं नाही, दोघांचं एकमत होतं.

मोहल्ल्यातली_मुलगी

माफ करा काका, पण मला हे चित्र अर्धवट वाटतं. मी खेडची, कॉम्प्युटर इंजिनियर, पुण्यात नोकरी, आणि हिजाब घालते. कोणी जबरदस्ती केलेली नाही, माझी आई घालत नव्हती.

तुमचा उरूस छान होता पण त्यात बाईला कबरीजवळ जाता यायचं का? आमच्याकडे नाही. मलिदा करायला बाई, वाटायला बाई, आत चादर चढवायला पुरुष. हुंडा होता, मानपान होतं, तिथीबितीचे उपवास होते, बाळंतिणीला चाळीस दिवस कोपऱ्यात बसवणं होतं, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, आपल्यात असंच असतं. मी अकरावीत असताना कॉलेजच्या मैत्रिणींच्या गटात कुराणाचा तर्जुमा (भाषांतर) वाचायला लागले, मराठीतून, आणि मला पहिल्यांदा कळलं की निकाहात मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) माझा आहे, बापाच्या मिळकतीत माझा हिस्सा लिहिलेला आहे, माझ्या मर्जीशिवाय निकाह होत नाही. माझ्या चुलत्यांनी आत्याला जमिनीत काही दिलं नव्हतं. मी भर घरात आयत काढून दाखवली. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी परंपरेला परंपरेने नाही, किताबाने विचारलं होतं. आत्याला आंब्याची सात कलमं मिळाली. कमी मिळाली, पण मिळाली.

तुम्ही ज्याला कोरडा धर्म म्हणता त्याने मला हे दिलं. त्यामुळे जुनं सगळं प्रेमळ आणि नवं सगळं कडवं असं मला मान्य नाही.

खाडीकाठ

बेटा, तुझं खरं आहे. मी दर्ग्याच्या आतून आठवण लिहिली, दादी बाहेर उभी असायची हे मी लिहिलंच नाही, आणि ते मला आत्ता तुझं वाचल्यावर लक्षात आलं. खरंच माझ्या ध्यानात नव्हतं.

एक विचारतो. तू किताब उघडून चुलत्यांना विचारलंस तसं उद्या कोणी किताबावरच प्रश्न विचारला तर त्या गटात त्याला जागा आहे का? कारण आमच्या बाजूचाच एक माणूस होता, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. १९७७ ला ते गेले. म्हणजे आमचे बापलोक आखाताची विमानं धरत होते नेमकं तेव्हा. त्यांचं नाव आमच्या मोहल्ल्यात मी मोठा होईपर्यंत ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते शिवीसारखं ऐकलं. एका दमात तीनदा म्हणायचा तोंडी तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द केला २०१७ ला, म्हणजे त्या सात बायकांनंतर ५१ वर्षांनी.

मोहल्ल्यातली_मुलगी

जागा नाही, खरं सांगते. मी एकदा विचारलं होतं की साक्षीला एका पुरुषाच्या जागी दोन बायका का, तर तीन दिवस ग्रुपवर माझ्याशी कोणी बोललं नाही. मी अजून त्या ग्रुपमध्ये आहे. सोडावंसं वाटत नाही कारण माझ्या जवळच्या मैत्रिणी तिथेच आहेत. हे पण लिहून ठेवते.

शब्दवेध

निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे शब्दावर थोडं. आपण मूलतत्त्ववाद म्हणतो तो इंग्रजी शब्द मुसलमानांसाठी किंवा आपल्यासाठी तयार झालेलाच नव्हता. अमेरिकेत १९१० ते १९१५ मध्ये फंडामेंटल्स नावाच्या १२ पुस्तिका निघाल्या, प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळींनी काढल्या, बायबलचा शब्दन् शब्द खरा, उत्क्रांती खोटी वगैरे. त्यावरून १९२० मध्ये एका बाप्टिस्ट संपादकाने आपल्याच बाजूच्या लोकांना अभिमानाने हे नाव दिलं. १९२५ ला टेनेसी राज्यात डेटन गावी स्कोप्स नावाच्या मास्तरवर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला झाला, १०० डॉलर दंड झाला (पुढे तो वरच्या कोर्टात रद्द झाला), तेव्हापासून शब्द जगभर गेला.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. त्या पुस्तिकांचा खर्च कोणी केला? कॅलिफोर्नियातल्या युनियन ऑइल कंपनीच्या लायमन स्ट्युअर्ट आणि त्याच्या भावाने. लाखो प्रती पाद्र्यांना, मिशनऱ्यांना, मास्तरांना फुकट पाठवल्या. म्हणजे तिथेही तेलाचाच पैसा, आणि तिथेही आधी टपाल, छपाई, रेल्वे झाल्यावरच हे शक्य झालं. खाडीकाठ, तुमच्या अब्बांच्या कॅसेटी आणि ह्या पुस्तिका यात साठ-सत्तर वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हीकडे माणसं खेड्यातून शहरात येत होती, मुलं बापाचं ऐकेनाशी झाली होती, आणि फुकट वाटलेला एकच मजकूर हजारो मैलांवरच्या माणसांना एकाच वेळी मिळत होता. जुन्या काळात हे जमलंच नसतं, कारण प्रत्येक गावचा देव वेगळा, प्रत्येक गावचा पुजारी वेगळा. सगळ्यांनी एकसारखं मानायचं तर सगळ्यांपर्यंत एकसारखं पोचायला तर पाहिजे.

स्पष्ट_बोलणारा

मी कटू बोलणार आहे, पण मनातलं बोलणार. धागा सुंदर आहे पण आमच्या मनात जे आहे ते कोणी लिहीत नाही. १९९३ ला शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, रायगडमध्येच, १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं मेली. माझा मामा एअर इंडिया बिल्डिंगजवळ होता, वाचला, पण एका कानाने कायमचा गेला. त्यानंतर कोकणातल्या मोहल्ल्याकडे मी साध्या नजरेने बघू शकलो नाही, आणि ते चूक असेल तरी ते खरं आहे. गरिबी, तेल, संप ही कारणं ठीक आहेत, पण २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि तिथून आयसिसकडे गेले, ती काही उपाशी पोरं नव्हती, चांगल्या घरातली शिकणारी होती.

खाडीकाठ

कटू बोललात ते बरं केलंत, मामांबद्दल वाईट वाटलं. त्या मार्चनंतर आमच्या खाडीतल्या बोटींची झडती सुरू झाली. मी तेव्हा विशीत. रत्नागिरीला नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेलो तर साहेबांनी गावाचं नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. ज्यांनी ते सामान उतरवलं त्यांनी आमच्या प्रत्येक मुलाच्या तोंडाला काळं फासलं, मी हे तेव्हाही मोहल्ल्यात बोललोय, सगळ्यांसमोर.

कल्याणच्या मुलांबद्दल तुमचा मुद्दा मला पटतो आणि तोच माझा मुद्दा आहे. ती कुठल्या मौलवीच्या पायाशी बसून गेलेली नव्हती, स्क्रीनसमोर बसून गेली होती. जो गावच्या जमातीत वाढला, ज्याला मय्यतीला खांदा द्यायचाय, ज्याची शेजाऱ्याच्या काजूवरून भांडणं आहेत, त्याला धर्म म्हणजे हे सगळं मिळून असतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला फक्त मजकूर मिळतो.

अब्बांचं आणखी एक लिहितो, आधी लिहायला संकोच वाटला. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना विचारलं की तुम्ही इतके का बदललात. ते म्हणाले, कॅम्पात एका खोलीत बारा जण, पासपोर्ट कफीलकडे (कामावर ठेवणाऱ्या मालकाकडे), रस्त्यावर कोणी नावाने हाक मारत नसे, ए हिंदी म्हणायचे. सुपरवायझरने एकदा सगळ्यांदेखत कानाखाली मारली. त्याच दिवशी मगरिबला मशिदीत गेलो तर तोच सुपरवायझर माझ्या बाजूला उभा, खांद्याला खांदा, आणि सजद्यात दोघांचं कपाळ एकाच चटईवर. त्या शहरात मला माणूस म्हणून धरणारी ती एवढी एकच जागा होती, मग मी तिथे जसं सांगितलं तसं वागलो.

हे ऐकल्यापासून मला त्यांच्यावर रागावता येत नाही. उरूस बंद केल्याचं दुःख आहे ते आहेच.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून लिहितेय, इथे येऊन बावीस वर्षं झाली. खाडीकाठ दादा, तुमच्या बाबांचं वाचून रडू आलं, आणि मग वाटलं की आमच्याकडे कफील नाही, कॅम्प नाही, घर गाडी सगळं आहे, तरी हेच का होतंय.

मी साताऱ्याची. घरी जेजुरीचा खंडोबा, आषाढीला वारी दिसायची, धर्म काय आहे असं कोणी कधी विचारलं नाही म्हणून सांगायचीही वेळ आली नाही. इथे मुलगी चौथीत असताना शाळेतून विचारत आली, आपण कशावर विश्वास ठेवतो, तुमचं पुस्तक कोणतं, देव किती. मला सांगता येईना. खंडोबाच्या दोन बायका, बाणाई धनगराची, हे त्या मुलांना कसं सांगू? मग आम्ही तिला रविवारच्या वर्गाला घातलं. तिथे तिला मुद्देसूद धर्म मिळाला, दहा ओळीत बसणारा. आणि हळूहळू त्या दहा ओळींबरोबर बाकीचं यायला लागलं, कोणी कोणावर किती अत्याचार केले याची यादी, कोणापासून सावध राहायचं. माझी मुलगी, जिने भारत फक्त सुट्टीत बघितला, ती मला एकदा म्हणाली की आई तू पुरेशी हिंदू नाहीयेस. खंडोबाची तळी भरते मी दरवर्षी, आणि मी पुरेशी नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये इथे एडिसनला स्वातंत्र्यदिनाच्या परेडमध्ये बुलडोझर आणला होता, भारतात मुसलमानांची घरं पाडल्याची खूण म्हणून ओळखला जाणारा, मिरवत. मी फुटपाथवर झेंडा घेऊन उभी होते. बाजूला आमच्या ऑफिसातला हैदराबादचा मुलगा बायको-लेकरासकट आलेला, तोही झेंडा घेऊनच. बुलडोझर समोरून गेला तेव्हा त्याने लेकराला कडेवर घेतलं आणि पार्किंगकडे चालायला लागला. पुढे आयोजकांनी माफी मागितली, पण मी त्याला सोमवारी काय बोलणार होते? आमचं गप्पांचं रुटीन होतं, चहाचं, ते त्यानंतर तसं राहिलं नाही.

बार्देशकर

गोव्याहून. आमच्याकडे ख्रिस्ती लोकांतही हेच चाललंय म्हणून लिहितो. आमच्या वाड्यावर शेजारचं कॅथलिक घर आहे, पिढ्यान् पिढ्यांचा घरोबा, फेस्ताला आम्ही त्यांच्याकडे, चवथीला ते आमच्याकडे. त्यांचा मधला मुलगा बोटीवर नोकरीला होता, तिथून बिलिव्हर (मूर्ती न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा) होऊन आला. आता तो फेस्ताला येत नाही, घरातल्या सायबिणीच्या (मेरीच्या) मूर्तीला हात जोडत नाही, अंगणातल्या खुरसाकडची (क्रूसाकडची) लादिन, म्हणजे प्रार्थना, त्याला मूर्तिपूजा वाटते. आईला सांगतो की तू नरकात जाशील. एक चांगलं पण झालं ते सांगायलाच हवं, तो आधी खूप दारू प्यायचा, ती पूर्ण सुटली. त्याची बायको म्हणते मला तेवढं पुरे.

आमच्या गोव्यात शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण या बहिणी मानतात, एकीकडून तेल जातं, दुसरीकडून फुलं येतात. हे आता दोन्हीकडच्या शिकलेल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. त्यांना वाटतं की काहीतरी गोंधळ झालाय आणि तो दुरुस्त केला पाहिजे.

गिरणीचा_भोंगा

बार्देशकर, शेवटचं वाक्य अगदी बरोबर. दुरुस्ती. आमच्याकडे पण सगळे दुरुस्तीलाच निघालेत. आधी रस्त्यात कोणी भेटलं की रामराम, मुसलमान शेजारी पण रामराम म्हणायचे, त्यात काही नव्हतं. आता जोरात जय श्रीराम म्हणायचं, आणि समोरच्याने काय उत्तर दिलं ते बघायचं.

खाडीकाठ

आमच्याकडे दादी खुदा हाफिज म्हणायची, आता तसं म्हटलं की मुलं टोकतात, अल्लाह हाफिज म्हणा. रमजानचं रमदान झालं. इस्लामी प्रवचनांचा पीस टीव्ही २००६ ला दुबईहून सुरू झाला, चालवणारे झाकीर नाईक मूळ आपल्याच कोकणातले, सूटबूट आणि इंग्रजी. गावातली मुलं ते बघून सुऱ्यांचे आणि आयतींचे नंबर पाठ म्हणायची. नंबर सांगितला की समोरचा म्हातारा गप्प, कारण म्हाताऱ्याला मौलूद (पैगंबरांच्या जन्माची गाणी) अख्खा तोंडपाठ पण नंबर एकही नाही. त्यांच्या संस्थेवर २०१६ ला बंदी आली, चॅनेल आधीच बंद होतं इथे, पण तोवर सगळं मोबाईलमध्ये आलेलं.

गिरणीचा_भोंगा

आणि मोबाईलचं तर विचारू नका. २०२५ च्या मार्चमधलं राजापूर आठवा. तिथे शिमग्याला माड, म्हणजे होळीसाठी तोडलेल्या झाडाचं खोड, नाचवत आणतात आणि मशिदीच्या पायरीला टेकवतात, ही जुनी चाल. त्या वर्षी गेट बंद होतं, घोषणा झाल्या, धक्काबुक्की झाली, आणि एका रात्रीत तो व्हिडिओ देशभर. एक बाजू म्हणे मशिदीवर हल्ला, दुसरी बाजू म्हणे आमची होळी अडवली. पोलिसांना निवेदन काढून सांगावं लागलं की बाबांनो माड तिथे दरवर्षी टेकवतात. बघणाऱ्यांना माड म्हणजे काय ते माहीत नाही, पायरी कुठली ते माहीत नाही, पण दोन्ही बाजूंनी शिव्या द्यायला लाखो माणसं. मी घोषणा देणाऱ्यांची बाजू घेत नाही, माड टेकवायला आलेला माणूस अशा घोषणा देत नाही. पण मला जास्त भीती वाटते ती पुढच्या शिमग्याची. आता पायरीजवळ जाताना प्रत्येकाच्या हातात मोबाईल वर असणार.

स्पष्ट_बोलणारा

मी दोन दिवस परत परत वाचतोय हा धागा. मत बदललं असं म्हणणार नाही. पण राजापूरचा तो व्हिडिओ मी पण पुढे पाठवला होता, एका बाजूचा. माड टेकवायची चाल मला माहीत नव्हती. माझं आजोळ राजापुरापासून बारा किलोमीटरवर आहे.

मोहल्ल्यातली_मुलगी

काका, एक विचारू? दर्गा अजून आहे का?

खाडीकाठ

आहे. कौलं पडली, भिंत आहे, चाफा आहे. मी गावी गेलो की झाडून येतो, कोणी अडवत नाही, पण सोबत पण कोणी येत नाही. गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा कबरीवर एक ताजा नारळ होता, फोडलेला, अर्धा. मोहल्ल्यात विचारलं तर कोणालाच माहीत नाही.

गिरणीचा_भोंगा

भाऊ, तुमच्या गावाच्या पलीकडची वाडी म्हणजे खाडी ओलांडली की टेकडीवरची का? वडाजवळ होडी लागते तीच? तसं असेल तर माझ्या आईचं माहेर गुरवाचं, तेच घर असावं. आत्ता फोन केला तिला. म्हणाली मामा अजून दरवर्षी देऊन येतात, पहाटे, कोणी बघायच्या आत. संदल नसला म्हणून काय झालं, नारळ आपल्या घरचा आहे म्हणतात.

खाडीकाठ

तीच वाडी. वड गेला चक्रीवादळात, होडी पण बंद झाली, पण तीच.

मामांचा नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि आईंना विचारा, तिथी कुठली धरतात ते. आमच्याकडे आता कोणालाच आठवत नाही, आणि मला त्या पहाटे तिथे असायचंय.